महालक्ष्मी रेसकोर्स आणि आजूबाजूचा परिसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत, रेसकोर्सजवळच्या सात रस्त्याच्या एका चाळीत वाढलो, आणि आता बरीच वर्षं रोज सकाळी रेसकोर्सवर चालायला जातो. चालताना सोबतची मंडळी, गावाहून आलेले पाहुणे, ऑफिसमधली नवी पोरं, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, आणि दर वेळी तोंडी सांगताना निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतोय. घोड्यांबद्दल आहेच, पण जागेबद्दल जास्त आहे, कारण माझ्या मते इथली खरी गोष्ट जागेचीच आहे.

रेसकोर्स व्हायच्या आधी इथे काय होतं?

समुद्र. अगदी खरं सांगतोय. मुंबई म्हणजे मुळात सात बेटं हे आपण शाळेत शिकलो, पण त्या बेटांच्या मधे काय होतं याचा विचार कुणी करत नाही. महालक्ष्मीची टेकडी एका बाजूला, वरळी दुसऱ्या बाजूला, आणि मधे भलंमोठं खिंडार. भरती आली की त्या खिंडारातून पाणी आत घुसायचं आणि पार भायखळ्यापर्यंतची सखल जमीन पाण्याखाली जायची, ओहोटीला नुसता चिखल उरायचा. इंग्रजांच्या कागदात या सगळ्या सखल पट्ट्याला फ्लॅट्स म्हणायचे, भायखळ्याचे फ्लॅट्स, महालक्ष्मीचे फ्लॅट्स. आज आपण ज्या हिरव्या गवतावर घोडे पळताना बघतो ते म्हणजे हेच महालक्ष्मीचे फ्लॅट्स.

मग समुद्र अडवला कुणी?

विल्यम हॉर्नबी नावाचा गव्हर्नर होता, 1771 ते 1784. त्याने हे खिंडार बुजवायला बांध घातला, तो म्हणजे हॉर्नबी वेलार्ड. वेलार्ड हा शब्द पोर्तुगीज वळणाचा, अर्थ कुंपण किंवा बांध. हाजी अलीसमोरून वरळीकडे जाणारा जो रस्ता आपण रोज वापरतो, आताचा लाला लजपतराय मार्ग, तो याच बांधावरून जातो. लंडनला बसलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांना हा खर्च मान्य नव्हता आणि हॉर्नबीने त्यांना न जुमानता काम रेटलं, असं कायम सांगितलं जातं. आणि खर्च वसूल झाला म्हणायला हरकत नाही, कारण बांध झाल्यावर आतली केवढी तरी जमीन हळूहळू कोरडी झाली आणि शहराला पसरायला जागा मिळाली.

आणि ती देवीची गोष्ट? ती याच बांधाची ना?

हो, ह्याच बांधाची. बांध घालायचे आणि तो परत परत ढासळायचा. कामावर रामजी शिवजी प्रभू म्हणून एक पाठारे प्रभू समाजातले गृहस्थ होते, त्यांच्या स्वप्नात देवी आली आणि म्हणाली की मी वरळीच्या समुद्रात आहे, मला बाहेर काढा. त्यांनी शोध घेतला, मूर्ती सापडल्या, आणि त्यानंतर बांध टिकला. महालक्ष्मी, महाकाली आणि महासरस्वती, तिघी आज देवळात एकत्र आहेत. आत्ताचं देऊळ 1831 मधे धाकजी दादाजी या व्यापाऱ्याने बांधलं. माझी आजी ही गोष्ट सांगताना दर वेळी हात जोडायची आणि म्हणायची, आपण राहतो ती जमीन देवीने समुद्राकडून मागून घेतलेली आहे. तेव्हा ते गोष्टीतलं वाक्य वाटायचं. पुढे जुने नकाशे बघितले, आपली सात रस्त्याची बाजू त्यात कशी दाखवलीय ते पाहिलं, आणि आजीचं वाक्य डोक्यातून जाईना.

मुंबईतल्या पहिल्या रेस इथेच झाल्या का?

नाही, भायखळ्याला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच तिथे रेस व्हायच्या. तेव्हा भायखळा म्हणजे साहेब लोकांची, श्रीमंत व्यापाऱ्यांची बंगल्यांची वस्ती, किल्ल्याच्या गर्दीपासून लांब, झाडं आणि मोकळी हवा. 1833 ला तिथे भायखळा क्लब निघाला, तो फक्त युरोपियनांसाठी. आज नागपाड्याच्या गर्दीतून चालताना इथे कधी घोडे धावायचे हे सांगून कुणाला पटत नाही, पण जवळजवळ ऐंशी वर्षं रेसचं घर भायखळाच होतं.

तेव्हा घोडे कुठून यायचे?

मुख्यतः अरबी घोडे, इराणच्या आखातातून आणि बसऱ्याकडून जहाजाने मुंबई बंदरात उतरायचे. अरब व्यापारी इथे घोड्यांचे तबेले ठेवून असायचे, संस्थानिक, लष्कर, शौकीन, सगळे इथून घोडे घ्यायचे. पहिले आगाखान 1840 च्या दशकात मुंबईत आले आणि त्यांना घोड्यांचं प्रचंड वेड होतं. त्याच घराण्यातल्या तिसऱ्या आगाखानांच्या घोड्यांनी पुढे एप्सम डर्बी ही इंग्लंडची मानाची शर्यत पाच वेळा जिंकली, 1930, 1935, 1936, 1948 आणि 1952 ला. म्हणजे ज्या शर्यतीवरून जगातल्या सगळ्या डर्बींना नाव पडलं ती पाच वेळा मुंबईशी नातं असलेल्या घराण्याने मारली, हे मला फार भारी वाटतं.

मग महालक्ष्मीला कधी आलं सगळं?

1883 ला. भायखळ्याच्या बाजूला वस्ती वाढत गेली, गिरण्या उभ्या राहिल्या, मैदानाला जागा पुरेना, आणि इकडे फ्लॅट्सची जमीन पडून होती, सखल, दलदलीची, घरं बांधायला फारशी कामाची नाही. घोड्यांना मात्र सपाट आणि लांबरुंद जागा लागते. ट्रॅक लांबट गोल आहे, सुमारे 2400 मीटरचा, आणि ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या कॉलफिल्ड रेसकोर्सवरून त्याची आखणी केली असं सांगतात. घोडे इथे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पळतात. हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही, पण एकदा शेवटच्या वळणाजवळच्या कठड्याला उभं राहून बघा, सगळा घोळका उजवीकडे कलतो आणि जॉकी सुद्धा त्याच बाजूला झुकलेले असतात, आणि मग सरळ पट्टा लागला की एकदम सगळे पसरतात.

प्रेक्षकांचे जे जुने स्टँड आहेत, लांबच्या लांब छताचे, त्यांना हेरिटेजचा दर्जा आहे. फोटो काढणारे लोक मागच्या टॉवर्सचे फोटो काढतात आणि स्टँडकडे पाठ करून उभे असतात. तसं करू नका, छत कसं पेललंय ते आधी नीट बघा.

क्लबच्या नावात रॉयल कसं काय?

रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब हे आजचं नाव. पश्चिम भारतातल्या रेसचा कारभार आधी कलकत्त्याच्या क्लबच्या नियमांखाली चालायचा, 1925 ला मुंबईचा क्लब वेगळा झाला, आणि 1935 ला नावापुढे रॉयल लावायची परवानगी मिळाली. स्वातंत्र्यानंतरही ते नाव तसंच राहिलं. पुण्याचं रेसकोर्स पण हाच क्लब चालवतो.

इंडियन डर्बी कधी सुरू झाली?

पहिली 1943 ला झाली. जिंकली प्रिन्सेस ब्युटिफुल नावाच्या घोडीने, मालक बडोद्याचे महाराज, जॉकी एडगर ब्रिट, हा ऑस्ट्रेलियन. पहिलीच डर्बी आणि ती घोडीने मारली, हे मी पोरींना आवर्जून सांगतो. 2400 मीटरची शर्यत, चार वर्षांच्या घोड्यांसाठी, साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला रविवारी असते. इंग्लंडला डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची असते, आपल्याकडे चार. आणि घोड्याचं वय मोजायची पद्धत पण वेगळी, कुठल्याही महिन्यात जन्मला तरी 1 जानेवारीला सगळे एकदम एक वर्षाने मोठे होतात.

डर्बीसोबत अजून चार मोठ्या शर्यती आहेत ज्यांना क्लासिक म्हणतात. वन थाउजंड गिनीज आणि टू थाउजंड गिनीज या 1600 मीटरच्या, ओक्स 2400 ची आणि ती फक्त तरण्या घोडींसाठी म्हणजे फिलीजसाठी, आणि सेंट लेजर 2800 ची, ती पुण्याला होते. जुन्या लोकांकडे बसलात तर स्क्वॉन्डररचं नाव हमखास निघेल, 1977 ची डर्बी जिंकलेला घोडा, एकोणीस वेळा पळाला आणि अठरा वेळा जिंकला.

रेस हा श्रीमंतांचा खेळ, आपल्या मराठी माणसाचा काय संबंध?

हा प्रश्न ऐकला की मला थोडं लागतं, कारण संबंध खूप आहे, फक्त तो स्टँडच्या पुढच्या खुर्च्यांवर दिसत नाही. पांडू खाडे, वसंत शिंदे ही नावं जुन्या रेसवाल्यांना विचारा, ज्या काळात बाहेरून आलेल्या जॉकींचा दबदबा होता त्या काळात आपल्या लोकांनी नाव काढलं. आणि जॉकी तर शेवटची दीड-दोन मिनिटं घोड्यावर असतो, बाकी चोवीस तास घोडा कुणाकडे असतो? मोतद्दाराकडे. रेसकोर्सवर सईस पण म्हणतात. पहाटे उठून घोड्याला बाहेर काढणं, खरारा करणं, पाय तपासणं, गरम पाय असेल तर लगेच ट्रेनरला सांगणं, चारा, पाणी, रात्री तबेल्यातच झोपणं. नालबंद वेगळा, तो नाल ठोकतो, आणि पळायच्या घोड्याची नाल हलकी असते, टांग्याच्या घोड्यासारखी जड नसते.

आमच्या चाळीत एक काका होते, आयुष्यभर तबेल्यात काम केलं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नीट वळत नव्हती, एकदा लगाम हाताला गुंडाळलेला असताना घोडा बिथरला म्हणून. म्हणायचे, लगाम धरायचा, गुंडाळायचा नाही, माझीच चूक होती, घोड्याची नाही. त्यांच्या खिशात कायम गुळाचा खडा असायचा. आम्हा पोरांना वाटायचं आमच्यासाठी आहे.

आणि गिरणगाव. रेसकोर्सच्या पूर्वेला रेल्वे ओलांडली की गिरण्याच गिरण्या होत्या. पगाराच्या आठवड्याला सेकंड एन्क्लोजरला, म्हणजे स्वस्तातल्या प्रेक्षकांच्या भागात, गिरणी कामगारांची गर्दी असायची, हातात घडी घातलेलं रेसचं पुस्तक, पेन्सिलचा तुकडा कानावर. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि तो कधी रीतसर संपलाच नाही, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि ती गर्दी पण विरत गेली. शक्ती मिल तर रेसकोर्सच्या अगदी जवळ, कित्येक वर्षं नुसत्या भिंती उभ्या होत्या.

पण शेवटी हा जुगारच ना?

कायद्याने सांगायचं तर 1996 ला सुप्रीम कोर्टाने तामिळनाडूच्या एका केसमधे स्पष्ट सांगितलं की घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, घोड्याचं कूळ, तयारी, वजन, जॉकी हे बघून अंदाज बांधता येतो. महाराष्ट्रात रेसकोर्सला लायसन्स देण्याचा कायदा 1912 चा आहे. मैदानात दोन प्रकारे पैसे लावतात, एक लायसन्सवाले बुकी, म्हणजे स्वतः भाव देऊन पैसे घेणारे, आणि दुसरं टोट. टोटमधे सगळ्यांचे पैसे एका पूलमधे जातात, कर आणि क्लबचा वाटा काढून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात, म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत भाव हलत राहतो. विन, प्लेस, जॅकपॉट, टानाला असे पैसे लावायचे प्रकार. 2017 ला जीएसटी आला तेव्हा पूर्ण रकमेवर 28 टक्के लागला आणि त्याने टोटचं गणितच बदललं.

कायदा एक, घर एक. माझ्या ओळखीतल्या एका घरात रेसच्या नादापायी भांडी सुद्धा गहाण पडली होती. कोर्टाने कौशल्य म्हटलं म्हणून त्या बाईचं दुःख कमी झालं नाही. म्हणून मी स्वतः कधी पैसे लावत नाही, घोडे बघायला जातो, आणि कुणी टिप मागितली तर देत नाही. घोडे बघायला पैसे लावावे लागत नाहीत.

रेसचे घोडे म्हातारे झाले की काय करतात?

काही स्टड फार्मला, म्हणजे घोड्यांची पैदास करतात तिथे जातात, काही रायडिंग स्कूलला. पण याच्यातली एक गोष्ट सगळ्यांना माहीत हवी. सापाच्या विषावरची आणि धनुर्वाताची औषधं बनवायला घोड्याच्या रक्तातला सीरम लागतो, आणि रेसमधून निवृत्त झालेले घोडे परळच्या हाफकिन संस्थेला, जिथे ही औषधं बनायची, दिले जायचे. पूनावाला कुटुंबाचा पुण्याजवळ स्टड फार्म होता, 1946 पासून, त्यांचे घोडे पण असेच हाफकिनला जायचे, आणि त्यातूनच कल्पना निघाली की हे सीरम आपणच का बनवू नये. 1966 ला सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. कोविडमधे आपल्यापैकी कितीतरी जणांनी ज्या कंपनीची लस टोचून घेतली तिची सुरुवात अशी रेसच्या घोड्यांपासून झालेली आहे.

जवळच्या रस्त्यांची जुनी नावं काय?

हॉर्नबी वेलार्ड म्हणजे लाला लजपतराय मार्ग हे वर आलंच. क्लर्क रोड आता केशवराव खाड्ये मार्ग. हेन्स रोड आता डॉ. ई. मोझेस रोड. हे मोझेस म्हणजे डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर, बेने इस्रायली म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचे, 1937-38 ला मुंबईचे महापौर होते. लोकांना वाटतं कुणी इंग्रज असेल, पण आडनाव बघा, राजपूर, आपले कोकणातलेच. सात रस्ता म्हणजे जेकब सर्कल, आता संत गाडगे महाराज चौक.

आसपास बघण्यासारखं काय आहे?

हाजी अली दर्गा, 1431 चा मानतात, भरतीची वेळ बघून जा नाहीतर वाट पाण्याखाली असते. महालक्ष्मीचं देऊळ. स्टेशनच्या पुलावरून दिसणारा धोबीघाट, 1890 च्या सुमारासचा, दगडी हौदांच्या ओळी, तिथे लोक आजही काम करतात तेव्हा कॅमेरा तोंडावर रोखू नका. वरळीच्या बाजूला नेहरू तारांगण, 1977 चं, आणि नेहरू सायन्स सेंटर, 1985 चं, मुलं असतील तर अर्धा दिवस तिथेच जाईल. विलिंग्डन क्लब रेसकोर्सच्या शेजारी, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनने काढला, भारतीय आणि युरोपियन दोघांना प्रवेश म्हणून तेव्हा त्याचं फार अप्रूप होतं. पण आत मेंबर लागतो.

पावसात हाजी अलीला पाणी का तुंबतं? एवढा पैसा खर्च होतो तरी?

पहिल्या उत्तरात आहे ना ते, इथे समुद्र होता. बांध घातला म्हणून जमीन उंच झाली नाही, फक्त पाणी बाहेर राहिलं. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की नाल्यातलं पाणी समुद्रात जाऊच शकत नाही, उलट समुद्र आत यायला बघतो, आणि पाणी जुन्या सखल पट्ट्यातच साठतं. म्हणून 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर हाजी अली आणि वरळीच्या लव्हग्रोव्हला पाणी उपसणारी मोठी पंपिंग स्टेशन्स बांधली. आणि म्हणूनच रेसकोर्सची मोकळी माती इतकी महत्त्वाची, तेवढ्या जागेवर पडलेलं पाणी बरंचसं तिथेच मुरतं. काँक्रीट झालं असतं तर ते पाणी आपल्या तळमजल्यांत आलं असतं.

जमीन कुणाची आहे? आता तिथे बिल्डिंगा येणार का?

जमीन सार्वजनिक आहे, साधारण दोन तृतीयांश राज्य सरकारची आणि एक तृतीयांश महापालिकेची. क्लबकडे लीजवर होती आणि ते लीज 31 मे 2013 ला संपलं. मग दहा-अकरा वर्षं सगळं लटकलेलं. कुणी थीम पार्क म्हणायचं, कुणी अजून काही, दर थोड्या महिन्यांनी पेपरात नवी बातमी यायची आणि आम्हा चालणाऱ्यांच्या पोटात गोळा. 2024 ला तोडगा निघाला. 211 एकरांपैकी 91 एकर क्लबकडे राहणार, ट्रॅकसकट, नवीन लीज 30 वर्षांचं म्हणजे 2053 पर्यंत, आणि 120 एकर पालिकेला, सार्वजनिक सेंट्रल पार्कसाठी. कोस्टल रोडला भराव घालून जी बाग होणार आहे तीही याला जोडायची, मिळून 300 एकरांच्या आसपास, अशी योजना आहे.

माझं मत विचाराल तर सगळ्यांसाठी पार्क व्हायला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे, शहराची जमीन शहराच्या लोकांना मोकळी मिळायला हवी. पण माती माती राहू दे. जमिनीखाली पार्किंग, जमिनीखाली स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स असं जे बोललं जातं त्याची मला भीती वाटते, कारण वर गवत लावलं तरी खाली काँक्रीटचं छत असेल तर तिथे वडाचं झाड उभं राहत नाही आणि पाणी मुरत नाही. ही जमीन खाली काय आहे त्यामुळेच वेगळी आहे.

पावसाळ्यात घोडे कुठे जातात?

पुण्याला. मुंबईचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पावसाळ्यात पुण्याचा. पुण्याचं रेसकोर्स 1830 चं, म्हणजे महालक्ष्मीपेक्षा जुनं, लष्कराच्या जागेवर. घोड्यांच्या व्हॅन एक्सप्रेस वे वर दिसल्या तर ओव्हरटेक करताना हॉर्न वाजवू नका प्लीज.

रेस नसताना आत जाता येतं का? कधी जाऊ?

सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळात लोक आतल्या बाजूला चालायला जातात, गेटवर त्या दिवसाची वेळ विचारून घ्या, रेसच्या दिवशी आणि मोठे कार्यक्रम असले की नियम बदलतात. 2023 ला लोलापलूझा हा संगीत महोत्सव आणि 2024 ला गायक एड शीरनचा शो इथेच झाला, तेव्हा पण चालणं बंद होतं. महालक्ष्मी स्टेशनवरून चालत जाता येतं, आता मेट्रो तीनचं पण स्टेशन आहे.

वेळ विचाराल तर सीझनमधे सूर्य उगवायच्या आधी पोचा, थंडीत, डिसेंबर-जानेवारीत. अंधार असतो, घोडा दिसायच्या आधी ऐकू येतो, आधी टापा, मग श्वास, एका लयीत फुर्र फुर्र, आणि मग तो तुमच्यासमोरून जातो आणि पायाखालची माती हलल्यासारखी होते. व्यायाम संपला की मोतद्दार त्यांना हळूहळू चालवत आणतात, अंगातून वाफा निघत असतात, गवतात बगळे बसलेले असतात ते उडत पण नाहीत. कठड्यापासून दोन हात लांब उभे राहा, फ्लॅश मारू नका, कुत्रा आणू नका, आणि मोतद्दाराला नमस्कार केलात तर तो घोड्याचं नाव सांगतो.